पियानोसकट घर उचलताना

मार्चच्या शेवटच्या सोमवारी सकाळी रेन्झो बोर्तोलान्झाच्या पियानोची एक काळी पट्टी खाली गेली ती वर आलीच नाही.

यात आकाश कोसळण्यासारखं काही नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडल्या मुलाबिन गावात मार्च म्हणजे पावसाळा, आणि पावसाळ्यात सगळंच फुगतं. दारं फुगतात, टेबलांचे खण फुगतात, चर्चमधली प्रार्थनेची पुस्तकं फुगतात, आणि क्लबातली माणसं तर बिअर पिऊन बारा महिने फुगलेलीच असतात. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांपैकी एक रुसून बसली तर शहाण्या माणसानं ती बोटानं वर उचलावी आणि पुढे वाजवायला लागावं. रेन्झोनं ते केलं नाही. त्यानं शेजारी सांगितलं.

शेजारी म्हणजे नोलीन आणि क्लॅरी हॅदर्ली. क्लॅरी साखर कारखान्याच्या गोदामात होता, आणि नोलीन सगळीकडे होती.

"केस वाळवायचं यंत्र आण," नोलीन कुंपणावरून म्हणाली. "माझ्या बहिणीच्या शिवणयंत्राला तेच केलं होतं."

"मग चाललं का यंत्र?"

"जळालं. पण ती बहिणीची चूक."

क्लॅरीनं तेलाचा डबा आणला. ज्या तेलानं तो गवत कापायच्या यंत्रापासून स्वतःच्या गुडघ्यापर्यंत सगळ्याला वंगण घालायचा, तेच तेल. रेन्झोनं डबा हातातून काढून घेतला आणि शांतपणे कुंपणावर ठेवला. "क्लॅरी," तो म्हणाला, "या वाद्यावर मी व्हिएन्नाला जाण्याआधी सराव केलाय."

"म्हणजे जुनं आहे," क्लॅरी म्हणाला. "मग तर तेल हवंच."

आता रेन्झो कोण ते सांगायला हवं, नाहीतर तोही इतर पियानो-मास्तरांसारखाच एक, असं वाटेल. तो ऊसवाल्या इटालियन घरातला. बाप शेतकरी, आई शेतकऱ्याहून जास्त शेतकरी. हा मात्र ब्रिस्बेन, मग लंडन, मग युरोपातली मोठमोठी सभागृहं असं करत शेपटीचा काळा कोट घालून नऊ वर्षं मैफली करत फिरला. मग आई पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून तो दोन महिन्यांसाठी मुलाबिनला आला. त्याला एकवीस वर्षं झाली. आई गेली, शेत विकलं, गावातलं खांबांवरचं लाकडी घर राहिलं आणि त्यात हा पियानो. कोट कपाटात होता. दर महिन्याला रेन्झो तो बाहेर काढून त्यावरची बुरशी झटकायचा आणि परत ठेवायचा. आठवड्याला चाळीस विद्यार्थी यायचे, त्यातले एकोणचाळीस घरी सराव न करता.

उरलेली एक म्हणजे मर्ल टन्स्टल. वय एकसष्ट. कारखान्याच्या कँटीनमध्ये तीस वर्षं रस्सा ढवळून निवृत्त झाली आणि दुसऱ्या दिवशी पियानो शिकायला आली. ती सहाव्या श्रेणीच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसणार होती. पहिल्या वेळी ती मध्येच रडली. दुसऱ्या वेळी तिनं परीक्षकाला अंड्याचं सँडविच दिलं, 'माफ करा' म्हणाली आणि न वाजवताच घरी गेली.

परीक्षा रेन्झोच्याच पुढच्या खोलीत व्हायची. नाट्यगृहातल्या पियानोचं झाकण उघडलं की वाळवीचा भुसा चाळणीतून गळावा तसा गळायचा, आणि ऐंशी मैलांत दुसरा धड पियानो नव्हता. यंदा संगीत मंडळाचं पत्र आलं होतं: केंद्रातलं वाद्य समाधानकारक नसेल तर मुलाबिन केंद्र बंद करून विद्यार्थ्यांनी शहरात यावं. शहर दोन तासांवर. कोण जातंय? मुलं जाणार धुलाईयंत्रांच्या दुकानात, जिथे हल्ली विजेची पेटी विकत घेतली की 'दहा धड्यांत दहा गाणी' फुकट शिकवत होते. आणि मर्ल तर पोस्टाच्या पलीकडे गाडी चालवत नसे.

पत्राखाली परीक्षकाचं नाव होतं. डॉ. क्विन्टन लेथब्रिज. हा ब्रिस्बेनला रेन्झोच्या वर्गात होता. शेवटच्या स्पर्धेत रेन्झो पहिला आणि हा दुसरा. नाव वाचलं तसा रेन्झोचा चेहरा एकाएकी अंघोळ केल्यासारखा झाला. त्यानं त्याच दिवशी उत्तर पाठवलं: 'वाद्य उत्कृष्ट स्थितीत आहे.' आणि चार दिवसांनी ती पट्टी बसली.

म्हणून फर्गसला बोलावलं. फर्गस किनाऱ्यावरच्या गावागावांतून पियानो लावत फिरतो. त्यानं पट्टी पाहिली, पियानोखाली पाहिलं, मग खिशातून काचेची एक गोटी काढून जमिनीवर ठेवली. गोटी निघाली ती सरळ खोलीच्या कोपऱ्यात जाऊन थांबली.

"पियानो ठणठणीत आहे," फर्गस म्हणाला. "तुझं घर आजारी आहे. एका बाजूला कललंय. त्यामुळे पियानोची चौकट पिळली जातेय आणि पट्ट्या एकमेकींना घासतायत. आज एक बसली, महिन्याभरात दहा बसतील."

"मग पियानोच्या एका पायाखाली काहीतरी घालू."

"घाल ना. आणि पुढच्या महिन्यात आणखी काहीतरी घाल. शेवटी शिडीवर बसून वाजवावं लागेल."

रेन्झो, क्लॅरी आणि फर्गस घराखाली गेले. क्लॅरीनं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कोपऱ्यातल्या खांबाला टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला, अलगद, आवाजसुद्धा न करता. दुसऱ्या खांबाला टोचला. तोही गेला. तिसऱ्याला टोचणार तेवढ्यात रेन्झो ओरडला, "पुरे! घर त्याच्यावर उभं आहे!"

"कशावर उभं आहे तेच तर बघतोय," क्लॅरी म्हणाला.

वाळवी. एकवीस वर्षं वर पियानोचा रियाज चालू होता आणि खाली या बायांचा.

गावात घराचे खांब बदलणारा एकच माणूस, डडली क्राउझ. डडली दिवसाला साधारण तीस शब्द बोलतो, त्यातले पंधरा 'गुरुवारी' असतात. तो गुरुवारी आला, घराभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "घर उचलावं लागेल."

"किती?"

"खांब बदलायला एक फूट. पण उचलतोच आहेस तर..."

हे शब्द रेन्झोनं नंतरच्या महिन्यात इतक्या वेळा ऐकले की ते सुरू झाले की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा. उचलतोच आहेस तर चांगलं पावणेतीन मीटर उचल, खाली एक मजला मिळेल, असं डडली म्हणाला. उचलतोच आहेस तर खाली गाडी लाव, असं क्लॅरी म्हणाला. उचलतोच आहेस तर खाली कपडे वाळत घालायला दोऱ्या बांध, पावसात मीही येईन, असं नोलीन म्हणाली. रेन्झोला घर उचलायचंच नव्हतं. त्याला एक काळी पट्टी उचलायची होती. पण 'मला फक्त पट्टी' असं तो म्हणायला लागला की सगळे त्याच्याकडे, बिचारा एकटा राहतो, अशा नजरेनं बघायचे.

मग नगरपालिका. बांधकाम विभागात वेन्डल प्रॉसर बसतो. प्रॉसरच्या गुडघ्यापर्यंतच्या पांढऱ्या मोज्यांना आजवर कोणी सुरकुती पडलेली पाहिलेली नाही. त्यानं अर्ज पुढे ओढला.

"घरात दोनशे किलोच्या वर वजनाची, हलवता येण्याजोगी वस्तू आहे का?"

"पियानो आहे. चारशे किलो."

"मग घर उचलण्याआधी तो बाहेर काढा, मिस्टर बोर्तोलान्झा."

"तो दारातून निघत नाही. आत आणला तेव्हा पुढची भिंत काढली होती."

"मग भिंत काढा. त्याला नऊ नंबरचा अर्ज."

रेन्झोनं नऊ नंबरचा अर्ज वाचला. "यात म्हटलंय, घराचा पाया भक्कम असल्याचा दाखला जोडावा."

"बरोबर."

"पाया भक्कम असता तर मी इथे कशाला आलो असतो?"

प्रॉसरनं अर्ज परत घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. "ते यात विचारलेलं नाही," तो म्हणाला.

रेन्झो तीनदा गेला. तीनदा तो शहाण्या माणसासारखा आत गेला आणि बाहेर आल्यावर गाडीत बसून स्टिअरिंगवर दोन्ही हातांनी ताल धरत राहिला. चौथ्या वेळी त्याला एकदम सुचलं. "बाथटब," तो म्हणाला. "बाथटब काढावा लागतो का?"

"नाही. तो हलवता येण्याजोगा नसतो. तो बसवलेला असतो."

"कशानं?"

"स्क्रूनं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रॉसरला आनंद झाला होता. नियम न मोडता एखादी गोष्ट होऊ शकते हे कळलं की त्याला मनापासून आनंद होतो, हे त्याच्याबद्दल कबूल करायला हवं. "पियानो बसवा, मिस्टर बोर्तोलान्झा," तो म्हणाला. "मी स्वतः येऊन बघून जाईन."

तेव्हा डडलीनं गुरुवारी येऊन, गोठ्याच्या फाटकाला लावतात तसल्या लोखंडी पट्ट्या वाकवून, पियानोचे तिन्ही पाय जमिनीला आवळले. ड्रिलचा आवाज येत होता तोपर्यंत रेन्झो स्वयंपाकघरात रेडिओ मोठा लावून उसाचे बाजारभाव ऐकत बसला होता. प्रॉसरनं येऊन पियानोला खांदा लावून ढकलून पाहिलं आणि अर्जावर लिहिलं: 'एक पियानो, बाथटबप्रमाणे.'

मग घर वर गेलं. सांगायला हे एक वाक्य आहे, पण त्याला सहा दिवस लागले. डडली आणि त्याचे दोन भाऊ जॅकचे दांडे दाबायचे, घर इंचभर वर जायचं, की खाली लाकडी ओंडक्यांची आणखी एक चवड. पुन्हा इंचभर. घर कण्हायचं. गल्लीतली माणसं संध्याकाळी खुर्च्या घेऊन यायची. तिसऱ्या दिवशी ताण बसून टेलिफोनची तार तुटली. तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण त्याच वेळी नोलीन ओरडत होती, "पुढचा जिना, पुढचा जिना!" जिना जागच्या जागी उभा होता, आणि ज्या दारासाठी तो होता ते दार त्याच्या डोक्यावरून निघून गेलं होतं.

पावणेतीन मीटरला घर थांबलं. आता ओंडक्यांच्या जागी सिमेंटचे नवे खांब बसवायचे होते. ट्रक आला. खांब दीड फूट आखूड निघाले.

"आता?" रेन्झोनं विचारलं.

"नवे मागवू," डडली म्हणाला. "दोन-तीन आठवडे."

"आणि तोवर माझं घर असं? ओंडक्यांवर?"

"पडणार नाही." डडलीनं थोडा विचार केला. "पडलं तर मला कळव." आणि तो मासे पकडायला गेला.

अशा रीतीनं, युरोपातल्या अकरा राजधान्यांत वाजवलेला हा कलावंत आंबे काढायच्या शिडीवरून स्वतःच्या घरात ये-जा करू लागला. मुलांना वर पाठवायला आया तयार होईनात. तेव्हा नोलीननं आपलं जेवणाचं टेबल दिलं. रेन्झोनं त्यावर खडूनं अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आखल्या आणि शिकवण्या सुरू ठेवल्या. मुलं लाकडावर बोटं आपटायची आणि रेन्झो मनातल्या मनात ऐकून त्यांच्या चुका काढायचा.

"असंच कायम का नाही करत?" नोलीन म्हणाली. "किती बरं वाटतं. आवाज नाही, काही नाही."

मर्ल रोज यायची. ती टेबलावर डोळे मिटून वाजवायची. "मिस्टर बी," ती म्हणायची, "लाकडावर माझी एकही चूक होत नाही हो. परीक्षा लाकडावर नाही का घेता यायची?"

"मिसेस टन्स्टल, परीक्षेला अजून तीन आठवडे आहेत. तोवर घर खाली, म्हणजे, वर, म्हणजे जिना लागलेला असेल."

याच आठवड्यात पत्र आलं. डॉ. लेथब्रिज परदेशी जाणार असल्यानं परीक्षा तीन आठवडे अलीकडे आणली आहे. गुरुवारी सकाळी नऊ वाजता. पत्र आलं तो बुधवार होता. रेन्झो हॅदर्लींच्या घरी धावला, मंडळाला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "आम्ही सहा दिवस तुम्हाला फोन करतोय. कोणी उचलतच नाही. डॉक्टर निघाले सुद्धा."

रेन्झोनं रिसीव्हर ठेवला आणि खडूच्या पट्ट्यांवर कपाळ टेकलं. उठला तेव्हा त्याच्या कपाळावर जवळजवळ एक सप्तक उमटलं होतं.

"रडतोस काय," क्लॅरी म्हणाला. "गोदामातली फोर्कलिफ्ट आणतो की मी."

"क्लॅरी, माणसं म्हणजे साखरेची पोती नव्हेत."

"पोती जास्त जड असतात."

गुरुवारी पावणेनऊला टॅक्सीतून डॉ. क्विन्टन लेथब्रिज उतरला. बारीक, उंच, फिक्या रंगाचा सूट, हातात चामड्याची बॅग. रेन्झो शेपटीचा नाही पण इस्त्रीचा कोट घालून फाटकात उभा होता. तीस वर्षांनी दोघं समोरासमोर आले होते. लेथब्रिजनं त्याच्याकडे पाहिलं, मग मान मागे टाकून वर पाहिलं.

"रेन्झो."

"क्विन्टन."

"तुझं घर वर आहे."

"हो," रेन्झो म्हणाला. "थोडंसं."

फोर्कलिफ्टच्या दोन फाळांवर लाकडी फळी, फळीवर नोलीनची हिरवी आरामखुर्ची, खुर्ची दोरीनं बांधलेली. डॉक्टरसाहेब बॅग मांडीवर घेऊन बसले. क्लॅरीनं दांडा ओढला. सेंट अँथनीच्या सणाला इटालियन लोक मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवतात ना, अगदी तसे ते डुलत डुलत वर गेले, आणि जमलेल्या आयांपैकी एकीनं नकळत छातीवर क्रूस काढला. रेन्झोनं डोळे मिटून घेतले. तीस वर्षं त्यानं या भेटीची वाक्यं मनात घोळवली होती. त्यातल्या एकातही फोर्कलिफ्ट नव्हती.

सहा मुलं मजेत वर गेली, वाजवून खाली आली. एकीनं परीक्षा झाल्यावर 'अजून एकदा' म्हणून हट्ट धरला. परीक्षेच्या खोलीत शिक्षकाला जायची परवानगी नसते, म्हणून रेन्झो घराखाली उभा होता, बरोबर पियानोच्या खाली. खालून त्यानं आपलं वाद्य कधी ऐकलं नव्हतं. घर आता सपाट होतं, सगळ्या पट्ट्या मोकळ्या होत्या, आणि फळ्यांतून सूर त्याच्या डोक्यावर सांडत होते. शेजारी डडली ओंडक्यांना पाणसळ लावून बघत होता. तो गुरुवार होता.

शेवटची मर्ल. ती खुर्चीत बसली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. "मिस्टर बी, खाली बघू का वर?"

"माझ्याकडे बघा."

ती त्याच्याकडे बघत बघत वर गेली. आणि ती दारातून आत गेली न गेली तोच कारखान्यातून एकजण सायकलवर धापा टाकत आला: पोत्यांची चळत कोसळली होती, फोर्कलिफ्ट ताबडतोब हवी होती. "दहा मिनिटांत येतो," क्लॅरी म्हणाला आणि फोर्कलिफ्ट घेऊन रस्त्यानं दिसेनासा झाला.

वर मर्लनं सुरुवात केली. आधी स्वरमाला, मग पहिला तुकडा. हात चालत होता. रेन्झो खालून ऐकत होता. तेवढ्यात नगरपालिकेची गाडी थांबली आणि तिच्यातून पांढरे मोजे बाहेर आले.

"मिस्टर बोर्तोलान्झा! वर माणसं आहेत?"

"हळू बोला!"

"ओंडक्यांवरच्या घरात, जिना नसताना, माणसांना मनाई आहे. परवानगीच्या मागच्या पानावर छापलंय." प्रॉसरनं फाइल उघडली. "ही घर तात्काळ रिकामं करण्याची नोटीस. मालकाच्या हातात द्यायची असते. घ्या."

वर सूर थांबला. मर्लनं आवाज ऐकला होता. रेन्झोला ती शांतता ओळखीची होती. या शांततेनंतर मर्ल सँडविच देऊन घरी जाते.

यानंतर रेन्झोनं जे केलं ते त्याला स्वतःलाही पुढे नीट सांगता आलं नाही. समोर नोटीस धरलेला हात होता. मागे शिडी होती. तो वळला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, इस्त्रीच्या कोटासकट, चार चार पायऱ्या करत वर चढला. व्हरांड्यात पोचला, वाकला, आणि शिडी वर ओढून घेतली.

"मिस्टर बोर्तोलान्झा!" प्रॉसर खालून म्हणाला. "मला नोटीस हातात द्यायचीय!"

"माझे हात इथे आहेत!" रेन्झो कठड्यावरून म्हणाला. त्यांत शिडी होती.

खिडकीतून त्याला पियानोपाशी बसलेली मर्ल दिसली. ती वळून त्याच्याकडे बघत होती. शिक्षकानं बोलायचं नसतं, म्हणून रेन्झो काही बोलला नाही. तो भिंतीकडे तोंड करून, शिडी छातीशी धरून उभा राहिला. शिक्षा झालेल्या पोरासारखा.

आतून लेथब्रिजचा कोरडा आवाज आला, "मिसेस टन्स्टल, संथ तुकडा. तुम्हाला सवड असेल तेव्हा."

स्टूल पुढे सरकल्याचा आवाज आला. मग मर्लनं वाजवायला घेतलं. कँटीनमध्ये तीस वर्षं घाई न करता मोठी भांडी ढवळणारा तो हात होता. कुठे थांबायचं ते त्याला माहीत होतं. एक स्वर चुकला. ती थांबली नाही. पुढे गेली. शेवटपर्यंत गेली. रेन्झोच्या हातातली शिडी कधी खाली टेकली ते त्याला कळलं नाही.

मर्ल बाहेर आली ती घामानं निथळत. "रडले नाही," ती म्हणाली. "मिस्टर बी, मी रडले नाही." आणि रडायला लागली.

मागून लेथब्रिज आला. निकाल सांगायची परीक्षकाला मुभा नसते. तो रुमालानं चष्मा पुसत एवढंच म्हणाला, "सातव्या श्रेणीचा अर्ज ऑक्टोबरपर्यंत द्यायचा असतो, मिसेस टन्स्टल. विसरू नका." मग खाली वाकून पाहिलं. "माझं विमान तीनचं आहे. ते यंत्र कुठे गेलं?"

"साखर उचलायला."

"आणि शिडी?"

"ती लावली तर मला नोटीस घ्यावी लागेल, आणि मग हे घर खांब येईस्तोवर बंद. पियानो आत, मी बाहेर. तुला जायचं असेल तर लावतो. तू सांग."

लेथब्रिज कठड्याला टेकला. खाली प्रॉसर नोलीननं दिलेल्या खुर्चीत सरळ बसला होता, फाइल गुडघ्यांवर, हातात स्कोन, म्हणजे भोपळ्याचा छोटा पाव. "हा किती वेळ बसणार?"

"कचेरी साडेचारला सुटते," प्रॉसर खालून म्हणाला.

लेथब्रिज हसला नाही. पण त्यानं बॅग खाली ठेवली. "तू निघून गेलास तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, तुला सांगू? तुझ्या वाट्याच्या मैफली मला मिळायला लागल्या. सहा वर्षं. मग त्यांनाही कळलं, की मी दुसराच आहे." त्यानं खिडकीतून पियानोकडे पाहिलं. "आता मी ऐकतो. वर्षाला हजारभर मुलं, तेच बारा तुकडे. रात्री स्वप्नातही तेच बारा. रेन्झो, काहीतरी वाजव रे. अभ्यासक्रमात नसलेलं."

रेन्झोला म्हणायचं होतं की हात आता तसे राहिलेले नाहीत, आज सकाळपासून तो कंटाळलाय, वैतागलाय, त्याच्या पियानोला गोठ्याच्या पट्ट्या आहेत आणि तो स्वतः नगरपालिकेचा फरारी आहे. त्यानं कोट काढला, खिडकीला टांगला आणि बसला.

त्यानं मोठा, गडगडणारा तुकडा सुरू केला, ज्यासाठी लोक एकेकाळी उभे राहायचे. दुसऱ्या पानावर घर जरासं हललं.

"हळू!" खालून डडली ओरडला. एवढ्या मोठ्यानं तो कधी बोलला नव्हता. "पाणसळ हलतेय! डावा हात हळू!"

रेन्झो थबकला. लंडनच्या समीक्षकांनीही त्याला असं कधी सुनावलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले. पण खाली ओंडके होते आणि वर मर्ल होती. त्यानं डावा हात हलका केला. सगळा गडगडाट बोटांच्या टोकांवर आणून ठेवला, चोरपावलांनी. तुकडा तोच होता, आणि तो आपण कधीच नीट वाजवला नव्हता हे त्याला तिसऱ्या पानावर कळलं.

"असं!" डडली म्हणाला. "असंच ठेव."

मग दुसरा वाजला, तिसरा वाजला. क्लॅरी फोर्कलिफ्ट घेऊन परत आला तेव्हा त्यालाच सगळ्यांनी दबक्या आवाजात दरडावलं, "इंजिन बंद कर!" तीनचं विमान गेलं, ते गावावरून जाताना सगळ्यांनी ऐकलं, लेथब्रिजनं नाही. मर्लनं रेन्झोच्या स्वयंपाकघरात शोधून अंड्याची सँडविचं केली.

साडेचारला प्रॉसर उठला. त्यानं नोटीस फाइलमध्ये ठेवली, फीत बांधली. फाटकापर्यंत गेला आणि परत आला.

"मिस्टर बोर्तोलान्झा, वेळ संपली. उद्या नऊ वाजता मी पुन्हा येईन."

"मी तेव्हाही वरच असेन," रेन्झो म्हणाला.

"तसं गृहीत धरलंय." प्रॉसरनं उजवा मोजा थोडा वर ओढला. "तो शेवटून दुसरा तुकडा होता, तो उद्या असेल का? माझी बायको गात असे. तिला घेऊन आलो असतो."

नोलीन कुंपणावरून लगेच म्हणाली, "खुर्च्या मी लावते. किती जणं येणार?"

"नोटीस द्यायची आहे, बाईसाहेब," प्रॉसर जरा दुखावून म्हणाला. "हे सरकारी काम आहे." आणि मग हळूच, "सात-आठ धरा."

रेन्झोनं वरून काहीतरी इटालियन म्हटलं. ते इथे लिहिण्याजोगं नाही. मग तो आत गेला, बाहीची बटणं सोडली, आणि शेवटून दुसऱ्या तुकड्यात ज्या जागी त्याची करंगळी घसरली होती, ती जागा पुन्हा पुन्हा घोटू लागला, कारण उद्या सकाळी नऊला लोक येणार होते.